‘सोरोचे’ अर्थात उंचीचा आजार

गेले तीन रविवार हे सदर वाचकांना दिसले नाही. बसस्टँडवर, बाजारात, दवाखान्यातही “डॉक्टर, लिखाण बंद केलंत की काय?” अशी विचारणा झाली. बंद केलेले नाही. मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांच्या आग्रहाने मी, सौ. आणि सौ.चे थोरले बंधू असे तिघे त्यांच्यासोबत दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा हा कोपरा नव्हे, याची मला जाणीव आहे. पण तिथे आमच्या घरातल्याच माणसावर जो प्रसंग आला तो आपल्याकडून लेह-लडाख, केदारनाथ किंवा अमरनाथला जाणाऱ्या कुणावरही येऊ शकतो. शिवाय त्यात चूक माझी, म्हणजे पस्तीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरची होती. म्हणून आजचा विषय उंचीचा आजार.

पेरूच्या मधोमध अँडीज पर्वताची रांग उभी आहे. राजधानी लिमा समुद्रकाठी. तिथून विमानाने सव्वा तासात कुस्को गाठता येते. कुस्को ही एके काळची इंका साम्राज्याची राजधानी, उंची सुमारे ३,४०० मीटर म्हणजे अकरा हजार फुटांहून जास्त. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे सकाळी समुद्राच्या हवेत नाश्ता करायचा आणि दुपारचे जेवण कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर घ्यायचे, असा प्रकार. शरीराला हे कळायला वेळ लागतो.

विमानतळावर उतरलो तेव्हा काहीच जाणवले नाही. बॅग उचलून वीस पायऱ्या चढलो आणि धाप लागली. हॉटेलच्या दारात टोपलीत हिरवी सुकी पाने आणि गरम पाण्याचा थर्मास ठेवलेला होता. ही कोकाची पाने. चॉकलेटचा कोको वेगळा, हे झुडूप वेगळे. स्थानिक माणसे ही पाने शतकानुशतके चघळत आली आहेत, पाहुण्यांना त्यांचा चहा देतात. त्याने जरा तरतरी येते, भूक आणि थकवा कमी जाणवतो. मात्र उंचीचा आजार त्याने टळतो, असा भक्कम पुरावा नाही. आणि एक सूचना आताच देऊन ठेवतो. कोकेन याच पानांतून काढतात, आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ही पाने बाळगणे गुन्हा आहे. आठवण म्हणून चहाचे पाकीट बॅगेत टाकण्याचा मोह आवरावा. तिथे ‘मुन्या’ नावाची पुदिन्यासारखी वनस्पती मिळते, तिचा चहा आमच्या सौ.ला जास्त आवडला.

आता शरीरात काय होते ते पाहू. उंचावर ऑक्सिजन कमी असतो असे आपण म्हणतो, पण हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे तेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर उभा राहतो, कुस्कोला त्याच्या साधारण दोनतृतीयांश. म्हणजे छातीभर श्वास घेतला तरी आपल्या हाती आलेला ऑक्सिजन दोनतृतीयांशच. कोरोनाच्या साथीपासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत आले आहे. इथे त्यावर ९० आकडा दिसला की आपण घाबरून दवाखाना गाठतो. कुस्कोत पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांचा आकडा नव्वदच्या आसपासच होता, आणि त्या उंचीवर तो अपेक्षितच असतो.

शरीर यावर पहिला उपाय करते तो श्वास वाढवण्याचा. जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता घटते. ते मेंदूला रुचत नाही, तो श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडे जादा क्षार लघवीवाटे बाहेर टाकून समतोल साधतात, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ही ओढाताण चालू. रात्री झोपेत तर मजाच होते. काही क्षण भराभर श्वास, मग दहा-पंधरा सेकंद एकदम शांतता, मग पुन्हा मोठा श्वास. पहिल्या रात्री सौ.ने मला हलवून उठवले, “अहो, श्वास घ्या ना!” म्हणून. हा प्रकार निरोगी माणसातही दिसतो, त्याने घाबरायचे कारण नाही. रक्तातले हिमोग्लोबिन वाढवणे हा शरीराचा दुसरा उपाय, पण ते आठवड्यांचे काम. चार दिवसांच्या प्रवाशाला त्याचा उपयोग नाही.

हा समतोल साधण्याआधीच आपण आणखी वर गेलो किंवा धावपळ केली तर उंचीचा आजार होतो. पेरूमध्ये त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. सोळाव्या शतकात होझे दे अकोस्ता नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू पारियाकाका नावाची खिंड ओलांडताना उलट्यांनी इतके हैराण झाले की, आता आपण मरतो असे त्यांना वाटले. १५९० साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी याचे कारण दिले ते असे की, तिथली हवा फार विरळ आहे, ती माणसाच्या श्वासाला पुरत नाही. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता, तरी निदान अचूक!

लक्षणे साधी असतात आणि तिथेच माणूस फसतो. उंचीवर पोहोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते. सोबत मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर. आदल्या रात्रीच्या जागरणाने होते तसेच. त्यामुळे जो तो जागरणावर, उन्हावर किंवा परक्या अन्नावर खापर फोडतो.

आमचे मेहुणे, घरात आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, वय ६१. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारे. वर्षातून दोन तरी गड चढणारे. रक्तदाब नाही, साखर नाही. माझ्या वजनावरून ते मला नेहमी टोमणे मारतात. कुस्कोत दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहराच्या डोक्यावर असलेले साक्सायवामान पाहायला गेलो. शंभर टनांहून जड शिळा, चुन्याशिवाय एकमेकींना अशा भिडवलेल्या की मध्ये पाते जाऊ नये. दादा त्या तटांवरून गडावर फिरावे तसे भराभर फिरले. मी आणि सौ. मात्र पायरीपायरीवर थांबत होतो. रात्री त्यांनी जेवण टाळले. मी विचारले, “दादा, डोकं दुखतंय का?” “छे हो, विमानाचं जागरण आहे. तुम्ही डॉक्टर लोक सगळ्यात रोग बघता.” पत्नीचा थोरला भाऊ, जास्त ताणून कसे विचारणार? मी पॅरासिटामोलची एक गोळी दिली आणि विषय संपवला. ही माझी पहिली चूक.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. उंचीच्या आजाराचा आणि तंदुरुस्तीचा संबंध नाही. व्यायाम करणारा माणूस यातून सुटत नाही, उलट तो भराभर चढतो आणि दुखणे अंगावर काढतो म्हणून जास्त अडचणीत येतो. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी मुलखातले आपले धडधाकट जवान घाईने हिमालयातील उंच ठाण्यांवर न्यावे लागले आणि ते या आजाराने पडले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदी १९६९ मध्ये प्रसिद्ध केल्या. जगभरच्या डॉक्टरांनी त्यावरून धडे घेतले, आणि मी कॉलेजात ते वाचलेही होते.

तिसऱ्या दिवशी कुस्कोहून निघालो. कार्यक्रम असा होता की, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरायचे, ओलांतायतांबो हे गाव ओलांडायचे आणि तिथून पातकांचा नदीच्या काठाने वर विणकरांच्या एका वस्तीत एका कुटुंबाकडे मुक्काम करायचा. ओलांतायतांबो २,८०० मीटरवर, वरची वस्ती सुमारे ३,९०० मीटरवर. खाली उतरताच दादांना बरे वाटले, त्यांनी मक्याचे एक आख्खे कणीस खाल्ले. मी निर्धास्त झालो. दुसरी चूक! उतरल्यावर बरे वाटले याचाच अर्थ दुखणे उंचीचे होते. तिथेच मुक्काम ठोकायला हवा होता.

वरचे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेली दगडामातीची घरे. आजूबाजूला लामा आणि अल्पाका चरताहेत, बायका उंबऱ्यात बसून चालता-बोलता चातीवर लोकर कातताहेत. कातणाऱ्या हातांना क्षणाची उसंत नाही. लोक केचुआ भाषा बोलतात, स्पॅनिश त्यांना दुसरी. घरातली आजी साठीच्या पुढची असावी. गाल लालबुंद, पायांत टायरच्या रबराच्या सपाता, आणि पाठीवर गवताचा भारा घेऊन चढावर गाणे म्हणत येते! या लोकांचे शरीर हजारो वर्षांत या हवेला सरावले आहे. छाती भरदार आणि रक्तात हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा जास्त. गंमत अशी की तिबेटी लोकही तितक्याच उंचीवर राहतात, पण त्यांचे हिमोग्लोबिन फारसे वाढत नाही. त्यांच्या शरीराने वेगळी वाट काढली आहे आणि तिच्याशी संबंधित जनुक २०१० मध्ये सापडले. अँडीजच्या वाटेत एक खोट आहे. काही जणांचे रक्त वाजवीपेक्षा दाट होते, ओठ निळे पडतात, डोके जड राहते. १९२५ साली पेरूचेच डॉक्टर कार्लोस मोंहे यांनी या दीर्घकालीन आजाराचे वर्णन केले, आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सखल भागात राहायला गेले की तो ओसरतो, पण घर, शेत, गुरे सोडून जाणार कोण?

जेवायला बटाट्याचे सूप होते. बटाटा मूळ या भागातलाच, रंग आणि आकार इतके की आपल्या बाजारातला बटाटा त्यांचा गरीब नातेवाईक वाटावा. त्यांचा ‘चुन्यो’ मला फार आवडला, चवीपेक्षा कल्पना म्हणून. हिवाळ्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठवतात, दिवसा उन्हात पायाने तुडवून पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. असे चार-पाच दिवस केले की दगडासारखे हलके गोळे होतात, ते वर्षानुवर्षे टिकतात. इंका राजे अशीच साठवण कोठारांत भरून ठेवत. आणखी एक गोष्ट गृहिणींसाठी. या उंचीवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. पाणी उकळून पिताना ते तीन मिनिटे तरी खळखळू द्यावे.

सूप पिताना दादांच्या हातून दोनदा चमचा सांडला. ते गप्प होते. मला वाटले थंडी आहे, दमले आहेत. नंतर ते लघवीला म्हणून उठले, दाराच्या चौकटीला खांदा घासला आणि परत आले ते आमच्या नव्हे, गुरांच्या खोलीकडे वळले. मी कागदावर दुसऱ्या दिवसाचे काही लिहीत होतो. आजीने चुलीपाशी बसून सगळे पाहिले. तिने आमच्या वाटाड्याला काहीतरी सांगितले आणि त्याने भीत भीत मला सांगितले, “ती म्हणते, हे प्यायलेल्या माणसासारखे चालताहेत आणि प्यायलेले तर नाहीत. यांना आत्ता खाली न्या. सकाळची वाट बघू नका.”

माझ्या पोटात गोळा आला. मी दादांना उभे केले आणि टाचेपुढे टाच लावून सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला ते माझ्या अंगावर कोसळले. “आज वार कोणता?” म्हटले तर नुसते हसले. ज्याचा तोल जातो, जो असंबद्ध बोलतो त्याच्या मेंदूला सूज येऊ लागली आहे असे धरायचे. ही उंचीच्या आजाराची गंभीर पायरी आहे, काही तासांत माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो. दुसरी गंभीर पायरी फुप्फुसांत पाणी होण्याची. बसल्या जागी धाप, कोरडा आणि मग फेसाळ किंवा गुलाबी खोकला, ओठ निळे. दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणे. ऑक्सिजन आणि औषधे उतरता येईपर्यंत वेळ काढण्यासाठी असतात, तिथेच बसून राहण्यासाठी नव्हे.

माझ्या पेटीत डेक्सामेथासोनच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. गाडीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो लावला. आजीच्या मुलाने शेजारच्या पिकअपवाल्याला उठवले, कारण आमची गाडी अरुंद रस्त्यावरून रात्री न्यायला चालक तयार नव्हता. बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी होती. दादांना मागे घोंगड्यांत गुंडाळून बसवले, सौ. त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि मी टॉर्चच्या उजेडात दर पाच मिनिटांनी “दादा, माझं नाव काय?” विचारत होतो. पहिल्या चार वेळा त्यांना सांगता आले नाही. तो सव्वा तास मी विसरणार नाही. ओलांतायतांबोचे दिवे दिसू लागले तेव्हा ते म्हणाले, “कशाला सारखं विचारताय?” मला तर रडूच फुटले.

त्या रात्री तिथल्या डॉक्टरांनी तपासून ऑक्सिजन चालू ठेवला. अकराशे मीटर खाली आल्याने पहाटेपर्यंत ते पूर्ण भानावर आले, संध्याकाळी सरळ रेषेत चालले. पुढचे तीन दिवस आम्ही तिथून हललो नाही. गाव मुक्काम करण्यासारखेच आहे. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत लोक आजही राहतात, गल्ल्यांच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात. समोरच्या उभ्या कड्यावर धान्याची कोठारे दिसतात, तिथला वारा आणि गारवा धान्य टिकवतो म्हणून इतक्या उंच बांधलेली. नंतर आगगाडीने माचू पिच्चूला गेलो. ते २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा हजार मीटर खाली, हे अनेकांना ठाऊकच नसते. पंधराव्या शतकातल्या त्या नगरीत मला सर्वांत भावली ती पाण्याची सोय. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी साडेसातशे मीटर लांबीच्या दगडी पाटाने आणून एकाखाली एक अशा सोळा कारंज्यांतून खेळवले आहे. पहिले, सर्वांत स्वच्छ पाणी राजाच्या वाड्याला, हे ओघाने आलेच.

म्हणजे आमचा सगळा कार्यक्रमच उलटा आखलेला होता. कुस्को विमानतळावरून थेट खोऱ्यात उतरायचे, दोन-तीन रात्री तिथे काढायच्या, मग माचू पिच्चू, आणि कुस्को व वरची गावे शेवटी, असे केले असते तर बहुधा काही झाले नसते. महत्त्व दिवसभरात किती चढलो याला कमी आणि रात्री कुठे झोपलो याला जास्त. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा नियम जाणकार सांगतात.

आता आपल्याकडचे पाहा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षाही किंचित उंच, आणि लोक दिल्लीहून विमानाने थेट उतरतात. तिथे पहिले दोन दिवस हॉटेलात नुसते पडून राहावे. सहल कंपनीने दुसऱ्याच दिवशी खार्दुंग ला दाखवायचे ठरवले असेल तर पैसे भरण्याआधी भांडावे. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर. गौरीकुंडाहून लोक एका दिवसात सोळाशे मीटर चढतात, हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांतच. “देवाच्या दारी आलोय, डोकं दुखणारच” म्हणून ज्येष्ठ मंडळी बोलत नाहीत. सोबतच्या तरुणांनी त्यांना विचारत राहावे आणि उत्तरावर विसंबण्यापेक्षा त्यांची चाल पाहावी.

अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी, म्हणजे आपल्याकडे मिळणारी डायमॉक्स, मूत्रपिंडांचे काम लवकर उरकून देते. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी परस्पर घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दारू आणि झोपेची गोळी पहिल्या रात्री तरी वर्ज्य, दोन्ही श्वास मंद करतात. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, पण पाच-सहा लिटर ढोसल्याने आजार टळतो हा गैरसमज आहे.

हृदयविकार, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार, गर्भारपण, तीव्र रक्तक्षय असेल तर तिकीट काढण्याआधी तपासणी करावी. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या वाचकांसाठी खास सांगणे की, सिकलसेलच्या रुग्णांना ही उंची धोक्याची आहे, आणि नुसता वाहक असलेल्यालाही क्वचित प्लीहेचा त्रास होऊ शकतो.

ओलांतायतांबोतल्या तिसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. आजी लोकरीच्या टोप्या घेऊन खाली आली होती. तिने आधी दादांना बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावले, मान हलवली आणि मगच टोपीचा भाव सांगितला. दादांनी घासाघीस केली नाही. माझ्याकडे पाहून तिने वाटाड्याला काही विचारले. मी खरेच डॉक्टर आहे का, असे विचारत होती म्हणे.

(मधुमेहींनी उपवास कसे करावेत याबद्दल आलेल्या पत्रांना पुढच्या रविवारी उत्तरे देऊ.)